फेस्टस लिडनचा चांगला दिवस

आमच्याकडे दोन माणसं रस्त्यात भेटली की आधी आभाळाबद्दल बोलतात, मग जनावरांबद्दल, आणि एवढं होऊन वेळ उरला तर मेलेल्यांबद्दल. एकानं म्हणायचं, "दिवस चांगला आहे." दुसऱ्यानं म्हणायचं, "आहे खरा, देवाची कृपा." बस, इतकीच रीत. फेस्टस लिडनला ती जन्मात पाळता आली नाही. कोणी चांगल्या दिवसाचं नाव काढलं की तो सायकल थांबवायचा, एक पाय जमिनीला टेकवायचा आणि विचारायचा, "कोणासाठी?"

समोरच्याला फक्त पुढं जायचं असायचं. तो बिचारा तिथंच अडकायचा.

फेस्टसच्या म्हणण्यात खोट नव्हती, हे मीही कबूल करतो. ऊन पडलं, वारा थांबला आणि तळं आरशासारखं झालं, की ट्राउट मासा खोल जातो आणि वरच्या जगाशी संबंध तोडतो. त्याला वर आणायचं तर ढगाळ आभाळ हवं, नैऋत्येचा वारा हवा आणि हातभर लाट हवी. लाट असली की पिसं-लोकर गुंडाळलेला गळ पाण्यावर खऱ्या माशीसारखा थरथरतो, आणि मासा फसतो. म्हणजे ज्या दिवशी बायका कपडे आत घेतात, मेंढ्या भिंतीच्या आडोशाला जातात आणि माणसं कॉलर वर करून शिव्या देतात, तो फेस्टसचा दिवस. त्या दिवशी तो शीळ घालत फिरायचा आणि लोकांना त्याचा राग यायचा.

वसंतात तर विचारायलाच नको. आमचं वसंतातलं आभाळ एका मतावर टिकत नाही. सकाळी गारा, न्याहारीला ऊन, दुपारी असा वारा की दोरीवरचा सदरा शेजारच्या गावात सापडावा, आणि संध्याकाळी अशी शांतता की पलीकडच्या काठावरचं कुत्रं आपल्या अंगणात भुंकतंय असं वाटावं. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्त्यावरचे खड्डे बुजवायचं काम फेस्टस करायचा. फावड्यावर हनुवटी टेकून तो आभाळाकडे बघत उभा राहायचा आणि मुकादम त्याच्याकडे बघत उभा राहायचा. खड्डा तसाच.

लग्न त्यानं केलं नाही. विधवा बहीण डीलिया आणि तिची मुलगी नोरीन यांच्यासोबत तो तळ्याकाठच्या बापाच्या घरात राहिला. हिवाळाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून गळासाठी नकली माश्या बांधायचा. सशाच्या कानाचे केस, रेशमाचा धागा, आणि डीलियाच्या कोंबड्याच्या मानेवरची पिसं. मार्च उजाडेपर्यंत तो कोंबडा उघडी मान घेऊन हिंडायचा, आणि कोंबड्यांसमोर त्याची काही पत राहायची नाही. डीलियाच्या हिरव्या स्वेटरची एक बाहीसुद्धा अशीच आखूड होत गेली.

"माझ्या घरात मला मेलीला एक वस्तू पूर्ण ठेवत नाही हा," ती म्हणायची.

मी कोलमन. त्याच्या होडीत वल्ही मारायला मी बसत आलो. नियमानं होडीत दोघं लागतात, एक गळ टाकणारा आणि एक होडी सांभाळणारा. त्याची पाठ मला माझ्या घराच्या दारापेक्षा जास्त ओळखीची. त्या पाठीवर मी किती वेळा चिडलो असेन, याला हिशेब नाही.

आता त्या वर्षीच्या कपाबद्दल सांगतो, कारण फेस्टसचं सगळं आयुष्य त्या चांदीच्या लहानशा भांड्याभोवती फिरलं. कोण्या जुन्या धर्मगुरूंनी तो गावाला दिलेला. मे महिन्यात, मेमाश्या, म्हणजे ट्राउट ज्यांच्यावर तुटून पडतो ते पंखवाले किडे, पाण्यातून वर येऊ लागल्या की एक दिवस सगळ्या होड्या निघतात. संध्याकाळी ज्याच्या माशांचं वजन सर्वांत जास्त, त्याचं नाव कपाच्या लाकडी बैठकीवर एका चांदीच्या पट्टीवर कोरतात. त्या बैठकीवर फेस्टसच्या बापाचं नाव होतं. थोरल्या भावाचं, पॅडारचं, नाव होतं. तो बॉस्टनला गेला आणि तिथंच वारला. फेस्टसचं नव्हतं. तो दुसरा यायचा. इतक्या वेळा दुसरा आला की लोक त्याला विचारायचे, पहिला कोण आला? दुसरा कोण हे विचारायची गरजच नसायची.

आणि त्या वर्षी बैठकीवर एकच पट्टीची जागा उरली होती. पुढच्या वर्षीपासून धक्क्याजवळचं हॉटेल नवा कप देणार होतं, बादलीएवढा.

"बादलीवर मला नाव नको," फेस्टस म्हणाला. "बापाच्या आणि पॅडारच्या खाली हवं. ती एक जागा आहे."

याहून जास्त तो त्याबद्दल कधी बोलला नाही. पण त्या वसंतात त्यानं कोंबड्याला पार नागडं केलं.

ठरलेल्या दिवशी वादळ आलं. होड्या धक्क्याला बांधलेल्या असूनही एकमेकींवर आदळत होत्या. पुढची तारीख दिली, तर त्या दिवशी धुकं असं की वल्ह्याचं टोक दिसेना. मग कमिटीनं शुक्रवार दिला. नोरीनचं लग्न शनिवारी. फेस्टस म्हणाला, ठीक आहे, शुक्रवारी कप, शनिवारी लग्न, माणसाला अजून काय हवं. नोरीनचा बाप नसल्यामुळे तिला चर्चमध्ये हाताला धरून न्यायचं काम मामाचं, म्हणजे त्याचं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी चहाला गेलो तर डीलियानं प्रागचा बाळयेशू टेबलावर उभा केला होता आणि ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसत होती. हा बाळयेशू आमच्या घराघरात असतो. मातीचा, डोक्यावर मुकुट, अंगात लाल झगा. लग्नाच्या आदल्या रात्री त्याला बाहेर कुंपणाखाली ठेवला की लग्नाला ऊन पडतं.

"आज बुधवार आहे," फेस्टस म्हणाला.

"मला वार कळतात," डीलिया म्हणाली.

"लग्न शनिवारी आहे."

"तेही कळतं. मीच ठरवलंय."

"मग आदल्या रात्री ठेवायचा असतो तो. आदल्या. आईनं तुझ्या लग्नाला आदल्या रात्रीच ठेवला होता."

"आणि माझ्या लग्नाला काय झालं?"

डीलियाच्या लग्नात असा पाऊस झाला होता की फोटोत नवरा कोणता आणि छत्री धरणारा कोणता, ते अजून कळत नाही.

"या वर्षीचं आभाळ एका रात्रीत ऐकणारं नाही," डीलिया म्हणाली. "त्याला वेळ द्यायला हवा. आजपासूनच ठेवते."

"शुक्रवारी कप आहे, डीलिया."

"असू दे."

"शुक्रवारी ऊन पडलं तर..."

"तर चर्चसमोरचा चिखल वाळेल. त्यातून पांढरा झगा घालून माझी मुलगी चालणार आहे. तुझा ट्राउट नाही चालणार."

नोरीन चुलीपाशी इस्त्री करत होती. फेस्टसनं तिच्याकडे पाहिलं. "तू कोणाच्या बाजूची?"

"फेस्टस मामा, मला शनिवारी ऊन हवं आणि तुला शुक्रवारी ढग. बाळयेशूला एक दिवस सुट्टी मिळते का, ते फादरना विचार."

डीलियानं मूर्ती उचलली आणि तिच्याकडे जरा दुःखानंच पाहिलं. "हेनेगनबाईंच्या बाळयेशूचं डोकं कधीच पडलंय. तिच्या सगळ्या मुलींची लग्नं कडक उन्हात झाली. आमच्याचं अजून शाबूत आहे. आपलं नशीब, दुसरं काय."

"मग आपटू का दारावर?" मी म्हणालो.

"मुद्दाम मोडून चालत नाही. आपोआप पडावं लागतं. तान्ह्या पोराला ठाऊक असतं हे, कोलमन."

ती बाहेर गेली आणि फुशियाच्या झुडपांच्या कुंपणाखाली, तळ्याकडे तोंड करून, त्याला उभा केला. तासाभरात वारा पडला. मी काही म्हणत नाही. पडला, एवढंच सांगतो.

नोरीननं थट्टा केली होती, पण फेस्टस गुरुवारी सकाळी खरंच फादर टिमोनींकडे गेला. फादर परसात बटाट्यांना माती चढवत होते. ऊन असं की त्यांनी कोट कुंपणावर टाकला होता.

"फादर, बाळयेशूला किती दिवस बाहेर ठेवायचं असतं?"

"कशासाठी?"

"ऊन पडायला."

फादर सरळ झाले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "फेस्टस, चर्चची अशी काही शिकवण नाही."

"ते ठाऊक आहे. पण किती दिवस?"

"आदल्या रात्री," फादर म्हणाले, आणि लगेच पस्तावले. "माझी आई ठेवायची म्हणून म्हणालो. मी काही बोललो नाही."

"हे एवढं डीलियाला सांगाल?"

"मला शनिवारी तिच्या पंगतीला जेवायचंय," फादर म्हणाले आणि परत बटाट्यांकडे वळले.

गुरुवारी दिवसभर आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. संध्याकाळी मी वल्ह्याची खुंटी बसवायला गेलो. डीलिया आणि नोरीन झग्याच्या शेवटच्या टाक्यांसाठी गावात गेल्या होत्या. फेस्टस कुंपणाजवळ उभा होता.

"फक्त उद्यापुरता आत ठेवतो," तो म्हणाला. "सरपणाच्या खोपीत. उद्या संध्याकाळी परत बाहेर. रीतीप्रमाणे. आदल्या रात्री."

"राहू दे," मी म्हणालो. "हात लावू नकोस."

माझं ऐकायची सवय त्याला कधी नव्हती. तो गुडघ्यावर बसला, फांद्यांत हात घातला आणि बाळयेशूला कमरेला धरून उचलला. मुकुट फांदीत अडकला. फेस्टसनं जरा ओढलं, जितकं माणूस झोपलेल्या मुलाचा पाय पांघरुणातून ओढेल तितकंच. टक असा आवाज झाला. धड त्याच्या हातात आणि डोकं गवतात, आमच्याकडे बघत.

"पडलं," मी म्हणालो.

"मला दिसतंय."

"आता याच्याइतका ताकदीचा बाळयेशू सगळ्या काउंटीत नसेल."

"आपोआप पडायला हवं," फेस्टस म्हणाला. "हे मी पाडलं."

"तू धड धरलं होतंस. डोकं तर आपोआपच पडलं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आभाळ साफ करून ठेवलंय. मग त्यानं डोकं उचललं, झग्याच्या गळ्यात नीट बसवलं आणि मूर्ती होती तिथंच ठेवली. आत नेण्यात आता काही अर्थ राहिला नव्हता.

शुक्रवारबद्दल काय सांगू. तसा दिवस मी त्याआधी मे महिन्यात पाहिला नव्हता. तळ्यात डोंगर उलटे उभे होते, मेंढ्यांसकट. होड्या निघाल्या आणि प्रत्येक होडीमागं पाण्यावर रेघ उमटून तशीच राहायची, पुसली जाईना. पर्यटक धक्क्यावर बसून आइस्क्रीम खात होते. एक बाई आमच्याकडे हात हलवून म्हणाली, काय सुंदर दिवस मिळाला तुम्हाला. फेस्टसनं तोंड उघडलं, पण मी वल्हं जोरात मारलं आणि आम्ही पुढं गेलो.

सकाळभर कोणाला काही नाही. मेमाश्या वर येत होत्या, पंख वाळवत होत्या आणि आरामात उडून जात होत्या. त्यांना खायला कोणी वर येत नव्हतं. होडीहोडीतून शिव्या ऐकू यायच्या, इतकी शांतता. माइली हेनेगन म्हणून गडी आहे, गेली दोन वर्षं कप त्याच्याकडेच. तो तर होडीत टोपी तोंडावर घेऊन झोपला.

"बघ, झोपलाय," फेस्टस म्हणाला. "त्याला काय. त्याचं नाव आहे बैठकीवर. दोनदा आहे. आणि ही माझी बहीण. तीन दिवस. एक रात्र पुरते, हिला तीन दिवस हवेत. सगळ्या गावाचं आभाळ हिनं भाड्यानं घेतल्यासारखं..."

"पाणी बघ," मी म्हणालो.

ओढा तळ्याला मिळतो तिथं लव्हाळ्याची सावली पडते. त्या सावलीच्या कडेला पाणी एकदा फुगलं आणि बसलं. मोठा मासा होता. फेस्टस बोलायचा थांबला नाही, पण त्याचा हात आपोआप उठला आणि त्यानं अशी फेक केली की दोरी पाण्यावर पडली ते पाण्यालाही कळलं नाही. त्या उन्हात, त्या काचेवर, तशी फेक करणारा माणूस आमच्या तळ्यावर दुसरा नाही. ते मी कोणासमोरही म्हणेन. मासा वर आला. घाई नव्हती त्याला. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं, आतलं पांढरं दिसलं.

"...आणि वर म्हणते, तुझा ट्राउट चालणार आहे का," फेस्टस म्हणाला आणि झटका दिला.

मासा तोंड मिटायच्या एक श्वास आधी. माशी माशाच्या तोंडातून सुटून आमच्या अंगावर आली. पाणी हललं आणि परत काच झालं.

त्या दिवशी एकाही होडीत एकही मासा आला नाही. धक्क्यावर कमिटी उभी राहिली, सेक्रेटरीनं रिकाम्या तराजूकडे पाहिलं आणि सांगितलं की कप उद्या. पुढच्या आठवड्यात होड्या बाहेरच्या लोकांना दिलेल्या, दुसरा दिवस नाही.

"उद्या माझ्या भाचीचं लग्न आहे," फेस्टस म्हणाला.

"सहाला वजन," सेक्रेटरी म्हणाला. "उशिरा निघायला बंदी नाही. उशिरा यायला आहे."

घरी परतताना कुंपणापाशी थांबून त्यानं बाळयेशूला उचललं. डोकं हातात घेतलं, खिशातली वार्निशची बाटली काढली. माश्यांच्या गाठींवर लावायचं ते वार्निश, एकदा धरलं की मासा ओढून सोडवू शकत नाही. त्यानं मानेला गोल लावलं, डोकं बसवलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं.

"हे कशाला आता?" मी विचारलं.

"लग्नाच्या सकाळी नोरीन बाहेर येईल आणि तिला मुंडकं नसलेला देव दिसेल. ते बरं दिसत नाही."

एवढं मायेनं केलेलं काम माणसानं कसं थांबवायचं.

शनिवारी पहाटे माझ्या खिडकीची काच खडखडली आणि मी आडवा असतानाच समजलो. नैऋत्येचा वारा. उठून पाहिलं तर ढग डोंगराच्या खांद्यापर्यंत उतरलेले, तळं गडद तपकिरी, आणि लाटा चरून परतणाऱ्या गाईंसारख्या एकामागून एक, सावकाश, भरलेल्या. मधून पावसाची सर. मेमाश्या पाण्यावर पिवळी शिडं उभारून हजारोंनी चाललेल्या आणि त्यांच्यात जागोजागी पाणी फुटत होतं. मासे वेडे झाले होते. वर्षानुवर्षं त्यानं ज्याची वाट पाहिली तो दिवस हा होता, आणि तो काळा सूट घालून, कोटाला फूल लावून, चर्चच्या दारात उभा होता.

नोरीनचा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला. तिच्या डोक्यावरची जाळी वाऱ्यानं उडाली ती दगडी भिंतीवर अडकली आणि नवऱ्या मुलाच्या भावानं ती काढायला चढून विजार फाडून घेतली. डीलियाच्या नव्या टोपीचं पीस तिच्या नाकावर येऊन चिकटलं. फेस्टसनं नोरीनला आत नेलं, नीट, हळू, एकदाही तळ्याकडे न पाहता. मी बघत होतो. त्याची मान दोनदा वळायला लागली आणि दोनदा त्यानं ती परत आणली.

पंगत धक्क्याजवळच्या हॉटेलात. बाहेर हिरवळीवर टेबलं मांडायची होती, ती सगळी आत कोंबली. खिडकी तळ्याकडे. सूप झालं तेव्हा डीलिया फेस्टसच्या शेजारी येऊन बसली.

"बाळयेशूला वार्निशचा वास येतोय," ती म्हणाली. हळू म्हणाली. ती हळू बोलली की जपून राहायचं असतं.

फेस्टसनं चमचा खाली ठेवला. "गुरुवारी डोकं पडलं."

"कसं?"

"मी आत नेत होतो. अडकलं."

"पडलं? आपोआप?"

"जवळजवळ."

डीलियानं डोळे मिटले. "म्हणून काल तसं ऊन होतं. काल. आणि मग तू काय केलंस?"

"चिकटवलं."

"मोडलंस ते मोडलंस," डीलिया म्हणाली, "चिकटवलंस कशाला? मोडका बाळयेशू सगळ्या गावाला मिळत नाही. तुझ्या हातून तो मिळाला, आणि तू तो दुरुस्त केलास. दुरुस्त केला की ताकद जाते. हे तुला कोणी शिकवायला हवं होतं?"

"नोरीनला बरं दिसावं म्हणून."

डीलिया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. माइलीची होडी लाटेवर आडवी वाहत चालली होती आणि माइलीची गळाची काठी अर्धगोल वाकली होती. फेस्टसनं ते पाहिलं. त्यानं काट्यानं एक बटाटा उचलला आणि परत ठेवला.

"जा," डीलिया म्हणाली.

"मला दोन शब्द बोलायचे आहेत. मुलीचा मामा आहे मी."

"मग लवकर बोल आणि जा."

पण बोलायला आधी नवऱ्या मुलाचा लीट्रिमचा काका उठला. तो काका कुठून सुरू झाला, ते मी सांगू शकतो, जुन्या मोठ्या दुष्काळापासून. नवऱ्या मुलाच्या पणजोबांपर्यंत यायलाच भाजलेलं मांस थंड झालं. मग त्यांच्या गाईंची जात आली. मग एका घोड्याची गोष्ट आली, जी त्यानं मध्येच सोडली, कारण शेवट आठवेना, आणि मग आठवला. बाहेर मासे उड्या मारत होते. डीलियानं काकाकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर खाली बसला असता. फादर टिमोनी ताटात बघून हळूहळू श्वास घेत होते.

फेस्टस उठला तेव्हा पाच वाजत आले होते. "नोरीन, तू चांगली मुलगी आहेस," तो म्हणाला. "तुझा बाप असता तर आज तो इथं असता. सगळ्यांनी नीट खा." आणि आम्ही दोघं मागच्या दारानं धावलो.

त्यानं सुटावर रेनकोट चढवला. बूट तसेच, लग्नाचे. मी वल्ही मारली, वाऱ्याविरुद्ध, जेवलेल्या पोटानं. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते लिहिण्याजोगं नाही आणि त्यानंही ते ऐकलं नाही. ओढ्याच्या तोंडापलीकडे नेऊन होडी आडवी सोडली, आणि त्यानं गळ टाकला.

पहिला मासा लगेच लागला. जड, सोनेरी, पाठीवर काळे ठिपके, होडीखाली दोनदा गेला. फेस्टस एक शब्द बोलला नाही. हातजाळ्यात घेतला, ठेवला, परत फेक. दुसरा लागला तो त्याहून थोडा लहान. तिसरा वर आला आणि नुसतं नाक लावून गेला. पाऊस त्याच्या मानेतून आत चालला होता, कोटाचं फूल बटणावर चिकटून बसलं होतं, आणि तो इतका स्वस्थ दिसत होता की मला वाटलं याला सहा वाजत आलेले सांगूच नये.

"वेळ झाली," मी म्हणालो.

"एक फेक."

"फेस्टस."

त्यानं दोरी गुंडाळली. वारा पाठीशी होता. आम्ही वेळेत पोचलो.

धक्क्यावर सगळ्यांकडे मासे होते. ज्यांनी जन्मात काही धरलं नव्हतं त्यांच्याकडेही होते. सेक्रेटरीच्या मेव्हण्यानंसुद्धा दोन आणले, ज्याला माशीचं पुढचं टोक कोणतं ते माहीत नाही. दिवसच तसा होता. सगळ्यांचा होता. माइलीची टोपली भरलेली. फेस्टसचे दोन मासे तराजूत गेले, सेक्रेटरीनं आकडा वाचला आणि मग कागदावरून बोट खाली नेलं.

"दुसरा," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. माइली कप काखेत धरून आमच्याकडे आला. भला माणूस आहे, तेच तर वाईट.

"तासाभरात दोन," तो म्हणाला. "फेस्टस, काल एक जरी आणला असतास ना, तरी कप तुझा होता. काल आम्हाला कोणालाच जमणारं नव्हतं. मी तर झोपलो."

फेस्टसनं कप माइलीच्या हातातून घेतला, उलटा केला आणि बैठकीवरची ती शेवटची रिकामी जागा अंगठ्यानं पुसली, ओली झाली होती म्हणून. मग परत दिला.

हॉटेलच्या दारात डीलिया उभी होती. "कितवा?"

"दुसरा."

"बूट काढ. गालिचा भिजेल. नोरीन नाचायला थांबलीय तुझ्यासाठी."

तो मोज्यांवर नाचला. पावलं नेहमीसारखीच चुकली आणि जिथं जिथं पाय ठेवला तिथं पाण्याचा ठसा राहिला. नोरीन हसत होती. लीट्रिमचा काका टाळ्या वाजवत होता. नाच संपला तेव्हा सगळी खोली एकदम पिवळी झाली. बाहेर ढग मधून फाटला होता. वारा पडला, पाऊस थांबला, आणि तळ्यावर सगळीकडे संध्याकाळचं ऊन पसरलं. हिरवळ चमकत होती. बाहेर मांडायची होती ती सगळी टेबलं आत होती, आणि त्यांच्यावरचं जेवण संपलं होतं.

फेस्टस खिडकीपाशी गेला. डीलिया त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, ओली टोपी हातात घेऊन.

"आता काय उपयोग," डीलिया म्हणाली.

"काही नाही," फेस्टस म्हणाला.

माझ्या माहितीत हवामानावर त्या दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच.